कमरेची चुंबळ

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत. त्याबद्दल माफी मागते, पण एकदाच. पुढं चूक दिसेल तिथं पुन्हा मागणार नाही, नाहीतर सगळा कागद माफीनंच भरायचा.

वाचनालयातल्या बाईंनी दिवाळी अंकासाठी मागितलं होतं. तुमच्या कामाबद्दल लिहा म्हणाल्या. मी मान खाली घालून नको म्हणाले. माणसासमोर मला बोलता येत नाही, नको एवढंच पटकन येतं. घरी आल्यावर मात्र ते डोक्यातनं जाईना, म्हणून लिहायला बसले. त्यांना देईन की नाही, ठाऊक नाही.

माझं दुकान बारामतीत, स्टँडच्या मागच्या बोळात. पत्र्याचा गाळा आणि एक मशीन. पाटी नाही. शाळेची दप्तरं, प्रवासाच्या बॅगा, चेन बसवणं, रनर बदलणं, तुटलेला पट्टा शिवणं हे रोजचं काम. पण मला ओळखतात ते सॅकसाठी. पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगरात आठ-पंधरा दिवस चालायला जाणारी माणसं असतात, त्यांची सॅक मी अंगाबरोबर करून देते. लोक हसतात, बारामतीत डोंगर कुठं आहे म्हणून. डोंगर नसला म्हणून काय झालं, डोंगरात जाणारी पाठ तर इथलीच आहे.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ओझं खांद्यानं न्यायचं नसतं, कमरेनं न्यायचं असतं. मानेखालचं हाड हाताला लागतं तिथपासून कमरेच्या हाडापर्यंत पाठीची लांबी मोजायची, आणि तेवढीच सॅकची पाठ पाहिजे. माणूस उंच असला म्हणजे पाठ लांब असते असं नाही, कित्येकांची उंची सगळी पायात असते. कमरेचा पट्टा पोटावर नको, मागं घसरलेला नको, दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसला पाहिजे. तो आधी आवळायचा. खांद्याचे पट्टे नंतर, तेही सॅक मागं झुकू नये एवढेच. छातीवरचा छोटा पट्टा शेवटी. आमच्याकडे लोक नेमकं उलटं करतात. खांद्याचे पट्टे जीव जाईस्तोवर ओढतात आणि कमरेचा पट्टा शोभेला लोंबत ठेवतात.

एका बँकेतल्या साहेबांनी तो लोंबणारा पट्टा कापून टाका म्हणून सांगितलं. मी कात्री उचलली नाही. नको का म्हणते ते सांगताही येईना, नुसती मान हलवत राहिले. ते चिडून दुसरीकडे गेले आणि कापून घेतला. पुढच्या थंडीत तेच साहेब कापलेला पट्टा हातात घेऊन आले, शिवून द्या म्हणाले. शिवून दिला. दुप्पट घेतले. तेव्हाही काही बोलले नाही.

एक मेडिकलवाला कोरी सॅक घेऊन मापाला आला, रिकामी. रिकामी सॅक सगळ्यांनाच बसते. मी त्याला शेजारच्या बांधकामावरच्या विटा भरायला लावल्या आणि बोळातनं फेऱ्या मारायला सांगितल्या. तिथला गवंडी ओरडून म्हणाला, "मावशी, चोरून न्यायच्याच हायेत तर दोन जास्त टाका, त्याला झेपतंय." मी तोंडाला पदर लावून हसले. चौथ्या फेरीला मेडिकलवाल्याचा डावा खांदा कुठं काचतो ते कळलं.

हे मला कुठल्या दुकानात शिकवलं नाही. आमचा मेंढरांचा वाडा होता. वाडा म्हणजे घर नव्हे, चार-सहा कुटुंबांचा फिरता तळ. दिवाळी झाली की इंदापूरकडनं निघून भोरच्या बाजूनं घाट उतरायचा आणि कोकणात जायचं. मेंढरं पुरुषांनी राखायची आणि बिऱ्हाड घोडीवर लादायचं काम बायकांचं. भांडी, अंथरुणं, जाळी, कोंबड्या, वरती लहान पोर. दोन्ही बाजूंना वजन सारखं आणि जड ते पाठीच्या कण्याजवळ. ओझं बांधून झालं की आई त्याच्याखाली तळहात सरकवून घोडीच्या पाठीला लावायची. पहिल्या विसाव्याला पुन्हा लावायची. "घोडी बोलत न्हाय, म्हणून हातानं इचारायचं," म्हणायची. आमच्या घोडीची पाठ ओझ्यानं कधी लागली, सोलली नाही. इतरांच्या घोड्यांच्या पाठीवर माशा बसायच्या.

शाळा सुटली ती याच चालण्यापायी. गुरुजी हजेरी घ्यायचे तेव्हा आम्ही घाट उतरत असायचो. तेव्हा वाईट वाटलं नाही. आता कागद समोर घेतला की वाटतं.

तर गिऱ्हाइकं पुष्कळ झाली. पण सांगायचं आहे ते मालनचं.

मालन आमच्याच वाड्यातली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. मेंढरं विकल्यावर तिचे भाऊ पिंपळीला स्थायिक झाले आणि तिला वरकुट्याला उसवाल्या घरात दिलं. आता तिची मुलं मोठी झाली, सून आली. एका दुपारी ती माझ्या गाळ्यात आली, पाठीवर भाच्याची भली मोठी निळी सॅक. उतरवून खाली आपटली आणि पोत्यावर बसली. दोन्ही खांद्यांवर लाल वळ उठले होते.

तिकडं इंदापूरला मोहिते सर म्हणून आहेत. शाळेत खेळाचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सकाळी चालणाऱ्यांचा एक गट जमवला. त्या गटानं ठरवलं की दिवाळीनंतर इंदापूरहून निघून घाट उतरून कोकणापर्यंत चालत जायचं. मागं गाडी नाही, ज्याचं ओझं त्यानं न्यायचं. रस्ता जवळजवळ आमच्या वाड्याचाच. मालननं नाव दिलं. सरांनी सगळ्यांना बारामतीपासून कालव्याच्या कडेनं सणसरपर्यंत भरलेल्या सॅकसह चालवून बघितलं. सगळे पोचले. मालन सणसर दिसायला लागल्यावर खाली बसली ती उठलीच नाही. सर चांगले आहेत, ओरडले नाहीत. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. घरी तिचे मालक, आप्पा, मात्र सगळ्या भावकीत सांगत सुटले.

मी तिला विचारलं, कशाला पाहिजे हे तुला. जन्म गेला चालण्यात.

"लहानपणी चालले ती मेंढरांमागं," मालन म्हणाली. "लगीन झाल्यावर चालले ती वैरणीच्या भाऱ्याखाली. एकदा मला माझ्या मनानं चालायचंय. कुणाचं काम न्हाय, कुणाची वाट बघणं न्हाय. ह्यात काय वंगाळ हाय का, अक्का?"

मी तिच्या मानेखालचं हाड चाचपलं आणि टेप लावली.

भाचा साडेपाच-सहा फुटी, मालन माझ्या खांद्याला लागते. सॅकची पाठ तिच्या पाठीहून लांब, म्हणून कमरेचा पट्टा हाडाच्या खाली घसरायचा आणि सगळं वजन खांद्यांवर यायचं. त्या दिवशी तिच्या ताकदीत काही कमी नव्हतं. मी पट्टा उसवून वर घेतला. माझ्या मशीनची सुई एवढ्या जाडीतनं जात नाही, मोडते. जाड कापडाची मशीन घ्यायची म्हणून मी भिशी लावली होती, ती त्याच महिन्यात मिळणार होती. तोपर्यंत दाभण आणि मेण लावलेला दोरा. शिवताना बोटं फुटली, पण टीप अशी बसली की दोन माणसांनी ओढली तरी हलली नाही.

सॅक बसली, तरी मालन चालेना. तिची खोड मला दोन दिवसांनी दिसली. आमच्या बायका जन्मभर डोक्यावर ओझं नेतात. डोक्यावर भारा असला की मान ताठ, नजर समोर आणि कंबर सैल. मालन सॅक घेऊनही तशीच चालायची, म्हणून ओझं तिला मागं ओढायचं. जरा पुढं वाक म्हटलं की तिला वाटायचं, भारा पडंल. वैतागून म्हणाली, "त्यापरीस मला चुंबळ दे एक, डोक्यावरच घेते ही." भाऱ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गोल गुंडाळी, ती चुंबळ. मी म्हटलं, हा कमरेचा पट्टाच तुझी चुंबळ. डोक्याऐवजी कमरेवर आली आहे, एवढंच समज. हे तिला एका झटक्यात कळलं. चाल बदलली.

मग सराव. त्यासाठी ती पिंपळीला भावाकडे येऊन राहिली. पहाटे उजाडलं की मी सायकलवर पिंपळीला जायची आणि दोघी कालव्याच्या भरावावरनं चालायचो. पहिल्या आठवड्यात सॅक जवळजवळ रिकामी. मग ज्वारीच्या पिशव्या, थोड्या थोड्या वाढवत. अंग एकदम मानत नाही. पायाचे स्नायू लवकर तयार होतात, सांधे आणि टाचा सावकाश. दोन दिवस चालायचं, एक दिवस सोडायचा. वेग इतकाच की बोलता आलं पाहिजे. ते आम्हाला सोपं होतं, मालन बोलायची आणि मी ऐकायची.

कठीण होतं ते दुसरंच. आमच्या भागात बाई पाठीवर ओझं घेऊन चालताना दिसली की प्रत्येक मोटारसायकल थांबते. बसा मावशी, सोडतो. नको म्हटलं की माणूस वाईट वाटून घेतो. कुठं निघाला म्हणून विचारतात, आणि कुठंच नाही म्हटलं की आणखी संशय येतो. बाई माहेरी, पाठीवर बोचकं, सोबत बारामतीची एक न बोलणारी बाई. वरकुट्यात बातमी गेली की मालननं घर सोडलं. आप्पांचा फोन आला. मालन म्हणाली, "सोडलं असतं तर एवढीच पिशवी घेतली असती व्हय?" आणि ठेवून दिला.

पायऱ्यांसाठी एक दिवस जेजुरीला गेलो. भरलेली सॅक घेऊन ती चढत-उतरत होती, पुन्हा चढत होती. लोकांना वाटलं फार मोठा नवस आहे. एक म्हातारी तिच्या पाया पडली. मालननं तिला आशीर्वाद देऊन टाकला.

पंजाबी ड्रेस तिनं जन्मात पहिल्यांदा घातला. नाडीची गाठ नेमकी कमरेच्या पट्ट्याखाली यायची आणि सालटं निघायचं. मी नाडी काढून इलॅस्टिक घातलं. असल्या बारीक गोष्टींवर माणूस अर्ध्या वाटेतनं परत येतो.

सरांनी पुन्हा चालवून बघितलं. या वेळी ती सणसरला पोचली, हसत पोचली. तरी सरांची शंका गेली नाही, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. एक दिवस चालणं वेगळं, रोज चालणं वेगळं. घाटात पाय अडला तर गाडी बोलवावी लागेल, त्याचा भुर्दंड बाकीच्यांनी का सोसायचा? म्हणाले, गाडीचे पैसे माझ्याकडे आधी ठेवा, पोचल्या तर सगळेच्या सगळे परत. मालन खाली बघायला लागली. आप्पा एक रुपया देणार नाहीत हे आम्हा दोघींना माहीत होतं.

मी म्हणाले, "मी देते."

इतकं हळू म्हणाले की सरांना ऐकूच आलं नाही. "काय म्हणालात?" तेव्हा परत म्हणावं लागलं. भिशीचे पैसे दुसऱ्या दिवशी पाकिटात घालून त्यांच्या हातात दिले. घरी आमच्या ह्यांनी ऐकलं. "म्हणजे तुझी मशीन आता मालनच्या गुडघ्यावर हाय म्हणायची," म्हणाले. व्हय, म्हटलं.

दिवाळी झाली, ते निघाले. निघायच्या आदल्या दिवशी वरकुट्याला जाऊन मालनची सॅक मी स्वतः भरून दिली होती. अंथरूण तळाला, जड ते पाठीला लागून, रोज लागणारं वर, बाहेर काही लोंबणारं नाही. भांडी विकायला निघाल्यासारखं ताट-वाटी बाहेर अडकवतात ते मला खपत नाही. आप्पा ओट्यावरनं बघत होते. म्हणाले, "पिंपळीपर्यंत जातीया. मग माझा फोन वाजंल, गाडी घेऊन या म्हणून."

बारामतीचा मुक्काम माझ्या गाळ्याजवळच्या देवळात होता. संध्याकाळी गट आला. मालन सगळ्यात मागं. सरांनी तिच्या सॅकला खालून हात लावला होता. ती नीट पाऊल टाकत नव्हती. ड्रेसचा खांदा ओलसर दिसला, पाणी नव्हतं ते.

सर माझ्याकडे आले आणि खिशातनं माझंच पाकीट काढलं. म्हणाले, "ताई, हे परत घ्या. गाडी लागली नाही, तुमचं काही बुडालं नाही. इथं थांबणं सोपं आहे, पुढं अवघड होईल. मी त्यांच्या मालकांना फोन केलाय."

पाकीट माझ्या समोर होतं. घेतलं असतं तर मशीन आठ दिवसांत गाळ्यात आली असती. आमचे हे मागं उभे होते, त्यांनी मला कोपरानं हळूच ढोसलं.

मी पाकीट घेतलं नाही. मालनच्या मागं गेले, सॅक आणि पाठ यांच्यामध्ये तळहात घातला. हात अडकला. मी भरलेलं ओझं असं नव्हतं. मी सॅक उतरवून घेतली आणि देवळाच्या फरशीवर उघडली.

नारळ निघाले. एकामागून एक. मग तांदळाच्या, गव्हाच्या पुरचुंड्या, खणांच्या घड्या, वर एक स्टीलचा डबा. वरकुट्यातनं निघताना जावांनी ओटी भरली होती. सणसरला बहिणीनं भरली. पिंपळीला तर तीन भावजया, आणि आळीतल्या दोघी राहिल्या होत्या त्यांनीही. सवाष्ण बाई वाटेला निघाली, तिला मोकळं कसं पाठवायचं. चूक कुणाचीच नव्हती. पण दर गावाला ओझं वाढत होतं, आणि मागच्या बाजूला, वरवर, जागा मिळेल तिथं कोंबलेलं.

सर डोक्याला हात लावून बसले. मी मालनला विचारलं, हे काय.

"ओटी हाय," ती म्हणाली. "टाकू का काय रस्त्यावर?"

"आप्पांना फोन करायचा की. घेऊन गेले असते घरी."

"फोन केला असता तर ते जितले असते."

एवढ्यात बोळातनं मोटारसायकल आली. आप्पा. गाडीवरनं न उतरताच म्हणाले, "चला, बसा. मी म्हणलं व्हतं, पिंपळीच्या पुढं जात न्हाय."

"बारामती पिंपळीच्या पुढं हाय," मालन म्हणाली. मग उठली, सगळे नारळ परत एका पोत्यात भरले, तांदूळ-गहू त्यावर, डबा त्यावर, आणि पोतं आप्पांच्या मागच्या सीटवर ठेवलं. "गाडी आणलीच हाय तर मोकळी कशाला नेता? ओटी हाय, घरात देवापुढं ठेवा. आणि नारळ फोडू नका, मी आल्यावर फोडायचेत."

गटातली माणसं हसली. आप्पा गाडीवरनं उतरले. ते पोत्याला सुतळी बांधायला लागले. नीट बांधली नाही, एकीकडे झुकलं. मी जाऊन गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, सवयीनं. खाली हातही घालून बघितला.

खण मी ठेवून घेतले होते. ते मऊ घड्या करून एकावर एक ठेवले आणि मालनच्या कमरेच्या हाडावर येतील असे पट्ट्याच्या आतनं शिवले, दोन्ही बाजूंना. तिची खरी चुंबळ झाली. खांदा सोलला होता तिथं औषध लावून पट्टा वरनं इतका सैल केला की तो टेकेना. सर बघत उभे होते. पाकीट अजून त्यांच्या हातात होतं.

मी म्हटलं, "सर, घाटाच्या आधी तुमी थांब म्हणाला तर ती थांबंल. पण थांबवायच्या आधी असा हात घालून बघा."

माझ्या आयुष्यात परक्या माणसाशी मी एवढं लांब वाक्य बोलले नव्हते. सरांनी सॅक मालनच्या पाठीवर चढवली आणि मी दाखवला तसा हात घातला. काढला, परत घातला. मग पाकीट खिशात ठेवलं.

त्या दिवसापासून मी गाळ्यात बसून होते आणि मालन चालत होती. दप्तर शिवताना माझं लक्ष नसायचं, एका पोरीच्या दप्तराला पट्टा उलटा बसवला. संध्याकाळी फोन यायचा. एकदा म्हणाली, डावीकडं वढतंय, मान आखडली. मी विचारलं, पाण्याची बाटली कुठल्या बाजूला आहे. डावीकडंच. ती रोज थोडी प्यायची आणि परत भरून तिथंच ठेवायची. उजवीकडं ठेव म्हटलं आणि डावीकडं जेवणाचा डबा. "एवढंच व्हय?" म्हणाली. एवढंच.

मग दोन दिवस फोन नाही. घाटात फोन लागत नाही हे मला माहीत होतं, तरी आमचे हे रोज विचारायचे, गुडघा काय म्हणतो मशीनचा. तिसऱ्या दिवशी दुपारी आला. मागं वारा ऐकू येत होता.

"उतरले," मालन म्हणाली. मग म्हणाली, "अक्का, आपली घोडी पाणी प्यायची ती जागा हाय अजून. मी बसले तितं थोडा येळ. कुणी उठ म्हणलं न्हाय."

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली ती लिहिलीच पाहिजे. सर सगळ्यांना हातात धरायच्या दोन-दोन काठ्या घ्यायला लावत होते. मला ते थेर वाटले होते, मी तसं मालनला म्हणालेही होते. उतारावर त्या काठ्यांनीच तिचे गुडघे वाचले. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला काठ्या घे म्हणून सांगते. काठ्यांच्या बाबतीत सरांचं खरं.

शेवटच्या मुक्कामाला आप्पा जीप घेऊन न्यायला गेले होते. हार घेऊन. आमची मंडळी कोकणात चालत गेली, हे वरकुट्यात त्यांनीच सगळ्यात आधी सांगितलं. सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी पाकीट आप्पांच्याच हातात दिलं. बारामतीवरनंच जाणार आहात, ताईंना पोचवा म्हणाले.

जीप बारामतीवरनं गेली, थांबली नाही. मालन दमून मागच्या सीटवर झोपली होती आणि पाकिटाचं तिला ठाऊकच नव्हतं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मला वाटलं सर विसरले. विचारायची लाज. मशीनवाल्यानं दोनदा निरोप पाठवला. शेवटी आमच्या ह्यांनी सरांना फोन केला, सरांनी आप्पांना, तेव्हा कळलं. आप्पांनी त्या पैशातनं ट्रॅक्टरला टायर घातला होता. दोन दिवसांसाठी उसने म्हणून.

मी एस.टी.त बसले आणि वरकुट्याला गेले. एकटी. वाटेत काय बोलायचं ते मनात घोकत होते, उतरल्यावर सगळं विसरले. आप्पा अंगणात होते. नवा टायर दिसतच होता. त्यांनी चहा ठेवायला सांगितलं, मला खुर्ची दिली, जेजुरीचं, घाटाचं सगळं सांगत बसले. मी चहा प्यायले नाही. शेवटी म्हणाले, "वहिनी, तुमी एवढ्यासाठी हितवर आला व्हय? पैसं काय पळून जात्यात का?"

"न्हाय पळत," मी म्हटलं. "म्हणून मीच आले."

आत मालनच्या हातातनं काहीतरी पडलं. ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, टायरकडे बघितलं. तिला एका क्षणात कळलं. आप्पांनी कपाटातनं थोडे आणून दिले आणि बाकीचे उसाचं बिल आल्यावर, म्हणाले.

मालननं आत जाऊन खुंटीवरची निळी सॅक काढली, दोन लुगडी आत टाकली आणि पाठीवर चढवली. कमरेचा पट्टा आधी आवळला, मग खांद्याचे. बरोबर होतं सगळं.

"मी अक्काकडं जाते बारामतीला," ती म्हणाली. "बाकीचे आले की फोन करा, मग येईन. गाडी आणायची गरज न्हाय. मला चालता येतंय."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं, ती खरंच जाईल की काय ते बघत होते. मग चप्पल पायात घातली आणि चुलत भावाच्या घरी गेले. आले तेव्हा त्यांच्या हातात बाकीचे होते. माझ्या हातात देताना म्हणाले, "मोजून घ्या, वहिनी." रागानं म्हणाले, पण म्हणाले.

मालननं सॅक उतरवली नाही. मला फाट्यापर्यंत पोचवायला ती तशीच निघाली, पाठीवर दोन लुगडी घेऊन. रस्त्यात एक मोटारसायकल थांबली, बसा मावशी म्हणून. आम्ही दोघींनी नको म्हटलं, मीसुद्धा मोठ्यानं. फाट्यावर एस.टी. यायला वेळ होता. मी दगडावर बसून पैसे मोजले. सगळे होते.